५ वर्षांच्या मुलीसाठी पहिल्यांदाच फिश टँक घ्यायचाय. सुरुवात कशी करू?

गोल बाऊल आणि गोल्डफिश घेऊ नका. गोल्डफिश वाढतो, घाण फार करतो, एवढ्याशा पाण्यात टिकत नाही. २ × १ × १ फुटांचा टँक घ्या. भरल्यावर वजन ६० किलोच्या आसपास जातं, म्हणून टेबल भक्कम हवं, खाली थर्माकोल. स्पंज फिल्टर पुरतो; तो एअर पंपाच्या हवेवर चालतो. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येतं.

मासे त्याच दिवशी आणू नका, बहुतेकांचे मासे इथेच मरतात. विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जीवाणू स्पंजात वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाका; ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो. पाणी नितळ दिसलं म्हणजे तयार झालं असं नाही; टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, माशांना तितकंच घातक द्रव्य) दोन्ही शून्य यायला हवेत. मग ५ गप्पी आणा, सगळे नर, नाहीतर पिल्लांनी टँक भरेल.

दर आठवड्याला पाव पाणी बदला, नव्या पाण्यात अँटिक्लोरिन (क्लोरिन घालवणारं औषध) घालून. स्पंज टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरिनने जीवाणू मरतात.

खाद्याचा डबा उंचावर ठेवा. मुलीला रोजची चिमूट छोट्या डबीत काढून द्या: दोन मिनिटांत संपेल इतकीच.