पूर्वपरीक्षेतले अकरा गुण

प्रश्न: ताई, मी नाशिकच्या सातपूरला राहते, मराठी माध्यमात दहावीला आहे. पूर्वपरीक्षेत बीजगणितात ४० पैकी १४ आणि भूमितीत ११ गुण पडले. बाबा एमआयडीसीत कामाला आहेत. रागावले नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोललेही नाहीत. पुस्तक उघडलं की डोळ्यांपुढे ते अकराच येतात. बोर्डाला पाच आठवडे उरलेत. आता काही होईल का? आई म्हणते, कॉलेज रोडला क्रॅश कोर्स लावू. लावू का?

उत्तर: बाळ, पंचवटीतल्या शाळेत गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. दर जानेवारीत तुझ्यासारखी मुलं उत्तरपत्रिका घडी घालून दप्तराच्या तळाशी ढकलताना मी बघायचे. तूही तेच केलं असशील, तर आज ती बाहेर काढ.

आधी हिशेब करू. पूर्वपरीक्षेचे गुण बोर्डाच्या निकालात धरत नाहीत. बोर्डाच्या गुणपत्रिकेत गणित एकच विषय असतो, १०० गुणांचा: बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २०. तुझे १४ आणि ११ मिळून २५ झाले. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. म्हणजे अगदी असाच पेपर गेला, तरी गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणीच्या त्या २० पैकी १० मिळाले की तू पास आहेस. तू समजतेस तितकी खोल दरी नाही ही.

आता लाल पेन घेऊन बस. जिथे गुण गेले, तिथे शेजारी लिही: येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, की वेळ संपला. माझा अनुभव असा की पहिल्या दोन प्रश्नांतच मुलांचे खूप गुण सांडतात. आणि बीजगणित घे किंवा भूमिती, पहिल्या दोन प्रश्नांना मिळून ४० पैकी २० गुण असतात! बहुपर्यायी, एका गुणाची उदाहरणं, चौकटी भरायच्या कृती, दोन गुणांची उदाहरणं. दुसऱ्या प्रश्नात पर्यायही असतात. पहिले दोन आठवडे फक्त याच्यावर दे. पाचव्या प्रश्नाकडे आत्ता बघूच नकोस, तो ३ गुणांचा आहे.

बीजगणितात सांख्यिकी आणि संभाव्यता आधी घे, तिथे पद्धत ठरलेली असते. भूमितीत रचना रोज एक काढ, कच्च्या आकृतीसकट. प्रमेयं वाचू नकोस, लिहून काढ. पक्ष, साध्य, सिद्धता. उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात, म्हणून सूत्र लिहून किमती घातल्याशिवाय उदाहरण सोडायचं नाही. कोरी जागा बघून तपासणाऱ्याचाही जीव तुटतो गं, द्यायला काहीच नसतं.

बाबांचं म्हणशील तर मला त्यांच्या गप्प बसण्यात राग दिसत नाही, काळजी दिसते. पाळी संपवून आले की ती लाल पेनाची उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर ठेव आणि सांग, बाबा, हे गुण मी परत आणू शकते, रोज संध्याकाळी एक तास माझ्याजवळ बसा. त्यांना गणित यायची गरज नाही. त्यांनी घड्याळ लावायचं.

एक मात्र मनापासून विचारते. झोप लागत नाही, जेवण जात नाही, नको ते विचार येतात, असं काही आहे का? असेल तर आजच आईला सांग. १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या मदतसेवेचा, सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे कुठल्याही वेळी बोलता येतं.

क्रॅश कोर्स लावू नका. सातपूरहून कॉलेज रोडला जाण्यायेण्यात रोजचा वेळ जाईल, आणि तिथले सर पहिल्या प्रकरणापासून सुरू करतील, तुझ्या चुकांपासून नाही. तुझ्या चुका तुझ्या शाळेतल्या बाईंनी स्वतः तपासल्या आहेत. उद्या मधल्या सुट्टीत उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्याकडे जा आणि एकच उदाहरण विचार. परवा दुसरं.