तुमचे प्रश्न : जादा झालेला प्राणी मारायचा?

प्रश्न : ताई, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या झूमध्ये मरियस नावाचा धडधाकट जिराफ मारून सिंहांना खायला घातला होता असं वाचलं. हे चालतं कसं? – एक वाचक, देवगड

उत्तर : होय, फेब्रुवारी २०१४ ची गोष्ट. आजार काही नव्हता हो, पण त्याच्यासारखे जीन्स (आईबापांकडून येणारे आनुवंशिक गुण) युरोपच्या झूंच्या ब्रीडिंग प्रोग्राममध्ये, म्हणजे ठरवून पिल्लं जन्माला घालायच्या कार्यक्रमात, आधीच भरपूर होते, नात्यातल्या नात्यात पिल्लं नकोत म्हणून बंदुकीने मारला, पोरंटोरं बघत असताना चिरफाड केली. दुसरीकडून मागणी आलेली तरी दिला नाही.

मांस सिंहांना घातलं याचा मला राग नाही, सिंह काही भाजीभाकरी खाणार नाहीत. राग आहे तो आधीच्या गोष्टीचा, पिल्लू जन्माला येऊ द्यायचं झूनेच ठरवलं ना, मग जबाबदारी कोणाची? नर-मादी वेगळे ठेवता येतात, गर्भनिरोधक आहेत. त्याचे साइड इफेक्ट असतात, पिल्लं वाढवणं ही प्राण्याची गरज आहे असं झूवाले म्हणतात, ते खोटं नाही, पण जीव घेण्याएवढं मोठं कारण मला वाटत नाही.

आपल्याकडे झूच्या नियमांत असह्य वेदना असतील तरच दयामरण. पण म्हणून आपण चांगले असं नको. नांगरायला पॉवर टिलर आल्यापासून गाईच्या पाड्याला (नर वासराला) काम नाही, मग रात्री हायवेवर सोडून देतात, तिथे तो प्लॅस्टिक चघळत बसतो आणि एखाद्या ट्रकखाली येतो, ते मारणंच झालं की.

पोरांना घेऊन झूला गेलात तर हरणांच्या आवारात गर्दी किती आहे बघा, नर वेगळे ठेवता का ते तिथल्या माणसाला नक्की विचारा.