शेजारचा वाडा झुकलाय आणि पालिका म्हणते, ‘नोटीस दिली’

प्रश्न : जुन्या नाशकात, भद्रकालीजवळच्या बोळात आमचे घर आहे. शेजारच्या वाड्याची माती-विटांची भिंत दोन पावसाळ्यांपासून आमच्याकडे कलली आहे. भाडेकरू निघून गेले, पण खोल्यांना त्यांची कुलपे आहेत आणि मालकाशी वाद कोर्टात आहे. विभागीय कार्यालयात चार अर्ज दिले. उत्तर एकच : ‘मालकाला नोटीस दिली आहे, ती खासगी मालमत्ता आहे.’ आता काय करू? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ‘खासगी मालमत्ता’ हे कारण टिकत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार धोकादायक इमारती सुरक्षित करणे किंवा हटवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. कलम 264 मध्ये तर आत राहणाऱ्याइतकाच शेजारी आणि बोळातून जाणाराही धरलेला आहे.

तुमच्या अर्जांत बहुधा ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असे लिहिले असणार. याच वाक्यावर फाईल बंद होते, कारण 264(1) ची नोटीस हीसुद्धा कारवाईच. तुम्हाला हवे आहे याच कलमाचे पोटकलम 3. धोका तासागणिक ओढवण्याजोगा असेल, तर नोटिशीच्या आधी किंवा तिची मुदत संपण्यापूर्वीच आयुक्तांनी कुंपण घालायचे, टेकू द्यायचे किंवा बांधकाम उतरवायचे आणि खर्च मालक किंवा भोगवटादाराकडून वसूल करायचा. पोटकलम 1 मध्ये आयुक्त मालकाला नोटीस ‘देऊ शकतात’. 3 मध्ये त्यांनी स्वतः हे काम ‘केलेच पाहिजे’. सगळे प्रकरण या फरकावर उभे करा.

त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो तुमच्याच हद्दीतून गोळा करा. वाड्यात शिरू नका. गच्चीवरून ओळंबा सोडून भिंत किती इंच बाहेर आली ते दर आठवड्याला लिहा, तारखेसह फोटो काढा. तुमच्या भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी काचपट्टी सिमेंटने चिकटवा. ती फुटली म्हणजे हालचाल सुरू आहे. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एक पानी अहवाल घ्या. त्यात ‘जीर्ण वाटते’ असले मोघम शब्द नकोत. ‘केव्हाही कोसळू शकते’ हे स्पष्ट हवे आणि त्याच्या मते इमारत सी-1 वर्गात, म्हणजे अतिधोकादायक, बसत असेल तर तेही.

पालिकेची खरी भीती वेगळीच असते : वाडा पाडला की भाडेकरू स्थगिती आणतील, नाही पाडला तर मालक बोंब मारेल. (पावसाने परस्पर वाडा पाडला तर बरेच, असे मानणारे मालकही कमी नाहीत.) ही भीती अर्जातच काढून टाका. वाडा पाडा असे म्हणू नका. बोळात पत्र्याचे कुंपण, टेकू आणि कललेल्या भिंतीचा वरचा भाग उतरवणे, एवढेच मागा. शिवाय लिहा की धोकादायक इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क बुडत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. अर्ज थेट आयुक्तांच्या नावे, प्रत विभागीय अधिकारी आणि नगररचना विभागाला. शरणपूर रोडच्या मुख्यालयात आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका : 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. नोटीस कोणत्या तारखेला कोणाला बजावली, मुदत कधी संपली, त्यानंतर काय केले आणि पोटकलम 3 बाबत काय अभिप्राय नोंदवला, त्यांच्या प्रती मागा. जीविताचा प्रश्न म्हणून 48 तासांत माहिती द्यावी, असे लिहा. प्रत्यक्षात कार्यालये बहुतेक वेळा 30 दिवसच धरतात, तरी धोका कळवल्याची नोंद राहते. उत्तर आले नाही तर मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प.

पालिकेची वाट पाहत न बसता प्रांताधिकाऱ्यांकडेही (तेच उपविभागीय दंडाधिकारी) जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (जुने फौजदारी संहितेचे 133) पडायला आलेली इमारत काढण्याचा किंवा टेकू देण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी मालकाला देऊ शकतात. तातडी असेल तर चौकशी संपण्याआधीच धोका टाळण्याचा आदेश देण्यासाठी कलम 161 आहे. या वाटेची माहिती फार थोड्यांना असते, पण खर्च नगण्य.

एवढ्यावरही हालचाल नसेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका. तिथे पहिला प्रश्न ‘आधी काय केले?’ हाच असतो, म्हणून वरचे शिक्के आणि अहवाल. दिवाणी दावा लावायचा तर पालिकेला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 ची एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

तोवर त्या भिंतीलगतच्या खोलीत कोणी झोपू नका. पाऊस थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका, भिजलेली माती उघडिपीतही बसते. भिंत पडलीच, तर मलबा उचलू देण्याआधी पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा. नुकसानभरपाईचा दावा त्या कागदावर चालतो.