वाचक विचारतात : फिश टँकचा घरगुती डोसिंग पंप

पाणवनस्पतींच्या टाकीला रोज थोडं थोडं खत देणारा पंप घरी बनवण्याबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले काही इथे घेतले आहेत. सगळे हिशेब १०० लिटर पाण्याचे आहेत. हे १०० लिटर म्हणजे माती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा करून उरलेलं पाणी. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर खताचे आकडे त्याच प्रमाणात बदला.

प्रश्न : कूलरचा छोटा पंप घरात पडून आहे. त्याला टायमर लावून खत टाकता येईल का? नाही तर कोणता पंप आणि काय काय सामान घ्यावं? (नाशिक)

कूलरचा पंप नको. तो मिनिटाला काही लिटर पाणी फेकतो आणि आपल्याला दिवसाला जेमतेम १० मिली हवंय. शिवाय तो बंद झाला तरी नळी आतून उघडीच राहते, त्यामुळे सायफन लागून बाटली आपोआप रिकामी होऊ शकते.

१२ व्होल्टचा छोटा पेरिस्टाल्टिक पंप घ्या. त्यात फिरणारे रोलर मऊ नळी दाबत पुढे सरकतात आणि द्रव ढकलला जातो. पंप थांबला तरी एखादा रोलर नळी चिमटून धरतोच. खताचा स्पर्श फक्त नळीला होतो, त्यामुळे गंजायला आत काही नसतं. नळी सिलिकॉनची असेल तर स्वस्त पडते पण लवकर थकते. बीपीटी नावाची पिवळसर नळी जास्त टिकते. पंप निवडताना मिनिटाला सर्वांत कमी मिली देणारा घ्या. इथे जोर नको, संथपणा हवा.

बाकी सामान : १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर, आर्डुइनो नॅनो (आपला प्रोग्रॅम चालवणारी छोटी संगणक-पाटी), डीएस ३२३१ घड्याळाचं मॉड्यूल, नॅनोला ५ व्होल्ट देणारा छोटा बक कन्व्हर्टर, आणि पंप चालू-बंद करायला आयआरएलझेड ४४ एन मॉस्फेट. दुकानदार बऱ्याचदा आयआरएफ ५२० चं तयार मॉड्यूल हातात देतो. ते नॅनोच्या ५ व्होल्टवर पुरतं उघडत नाही, मोटरला पूर्ण दाब मिळत नाही आणि वेग कधी एक, कधी दुसरा असा राहतो. नावात ‘एल’ असलेला, म्हणजे लॉजिक लेव्हलचा मॉस्फेट मागून घ्या. मोटरला समांतर उलटा डायोड (१ एन ५८१९ किंवा १ एन ४००७) लावा, त्याची पट्टी अधिक टोकाकडे. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडा. हा राहिला तर मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांमुळे नॅनो मध्येच रीसेट होतो आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातात.

प्रश्न : पंप महिनाभर नीट चालला. आता लोडशेडिंग सुरू झाल्यापासून टाकीत शेवाळ वाढलंय. लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की वीज आल्यावर काही मिनिटांनी पंप पुन्हा डोस देतो. घड्याळाचं मॉड्यूल लावलेलं आहे, तरीही असं का? (सांगली)

‘काही मिनिटांनी’ या दोन शब्दांत उत्तर आहे. इंटरनेटवरच्या नमुना प्रोग्रॅममध्ये घड्याळ लावणारी एक ओळ असते. प्रोग्रॅम संगणकावर ज्या क्षणी तयार झाला ती वेळ ती घड्याळात भरते. ही ओळ सुरुवातीच्या ‘सेटअप’ भागात राहून गेली की नॅनो दर वेळी चालू होताना घड्याळ मागे नेऊन त्याच जुन्या वेळेवर ठेवतो. समजा तुम्ही प्रोग्रॅम सकाळी ८:५५ ला चढवला आणि डोस ९ ला आहे. मग दिवसातून चारदा वीज आली तर चारदा ८:५५ वाजतात आणि चारदा डोस जातो. घड्याळ एकदा लावून झालं की ती ओळ काढून प्रोग्रॅम पुन्हा चढवा.

एवढ्यावर थांबू नका. डोस दिल्याची तारीख नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत) लिहून ठेवा आणि डोस देण्याआधी ती तपासा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी तारीख लिहायची, मग पंप चालू करायचा. उलट केलं आणि नेमकी डोस चालू असताना वीज गेली, तर परत आल्यावर पूर्ण डोस पुन्हा जाईल. आधी लिहिलं तर फार तर त्या दिवसाचा डोस अर्धवट राहील. एका दिवसाच्या उपासाने वनस्पतींचं काही बिघडत नाही, दुप्पट-तिप्पट खताने मात्र बिघडतं. ईईप्रॉम एक लाख वेळा लिहिण्याइतकं टिकतं, त्यामुळे दिवसातून एकदा लिहिण्याची काळजी नको. घड्याळाची बॅटरी उतरून वेळ हरवली असेल तर डीएस ३२३१ तसा इशारा साठवून ठेवतं. तो इशारा दिसला तर डोस न देता लाल दिवा लावायचा, एवढी एक अट प्रोग्रॅममध्ये असू द्या.

बॅटरीबद्दलही सांगायला हवं. या मॉड्यूलच्या सगळ्यांत जास्त विकल्या जाणाऱ्या निळ्या पाटीवर बॅटरी चार्ज करणारी जोडणी असते. ती एलआयआर २०३२ या चार्ज होणाऱ्या बॅटरीसाठी आहे. आपण त्यात साधी सीआर २०३२ बसवतो आणि ती फुगते. डायोडजवळचा ‘२०१’ लिहिलेला बारीक रेझिस्टर काढून टाकला की चार्जिंग बंद होतं आणि साधी बॅटरी सुखाने चालते.

वीज आल्या-आल्या पंप क्षणभर फिरत असेल तर तो वेगळा दोष आहे. नॅनो जागा होईपर्यंत त्याच्या पिना अधांतरी असतात. मॉस्फेटच्या गेटपासून (जिथे नॅनोचा सिग्नल येतो ती पिन) ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. मॉस्फेटऐवजी रिले (विजेने उघड-मीट होणारा स्विच) लावला असेल तर तो सिग्नल ‘लो’ झाल्यावर चालू होणारा आहे का ते पाहा. बहुतेक स्वस्त रिले तसेच असतात आणि सुरुवातीला एक टिचकी मारतात.

प्रश्न : पंपाने ६० सेकंदांत ४८ मिली दिलं. म्हणून २ मिलीसाठी अडीच सेकंद ठेवले. पण मोजलं तर कधी १.७, कधी २.३ मिली येतं. पंप खराब आहे का? (ठाणे)

पंप चांगला आहे, डोस फार लहान आहे. पेरिस्टाल्टिक पंपातून धार सलग येत नाही, प्रत्येक रोलरमागे एक घोट येतो. पंप कुठल्या रोलरच्या कुठल्या जागी थांबला त्यावर पुढचा पहिला घोट अर्धा की पूर्ण हे ठरतं. त्यात मोटरला वेग पकडायला आणि थांबायला लागणारा वेळ आणि नळीच्या टोकाला लटकून राहिलेला थेंब. ही ०.३ मिलीची चूक डोस केवढाही असला तरी जवळपास तेवढीच राहते. २ मिलीत ती १५ टक्के होते, १० मिलीत फक्त ३ टक्के. म्हणून द्रावण पाचपट पातळ करा आणि १० मिली द्या.

मोजण्याची पद्धतही बदला. मिनिटभर चालवून भागाकार करण्यापेक्षा खरा डोस जसा जाईल तसाच मोजा. नळी आधी पूर्ण भरून घ्या, आत एकही बुडबुडा नको. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या खिशातल्या डिजिटल काट्यावर छोटी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. १ मिली पाणी १ ग्रॅम धरायला हरकत नाही. आता १२.५ सेकंदांचे दहा डोस मधे अर्धा-अर्धा मिनिट थांबून द्या आणि प्रत्येक वजन लिहा. सरासरीवरून सेकंद ठरवा. दहापैकी एखादा आकडाही सरासरीपासून ५ टक्क्यांहून लांब असेल तर नळीत हवा आहे किंवा नळी जागेवर नीट बसलेली नाही. मोजमाप ज्या अडॅप्टरवर केलं तोच कायम वापरा, कारण साध्या डीसी मोटरचा वेग व्होल्टेजवर चालतो. नळी थकली की डोस हळूहळू घटतो, म्हणून महिन्यातून एकदा पुन्हा मोजा आणि १० टक्के घट दिसली की नळी बदला.

प्रश्न : कृषी सेवा केंद्रात मिळणारी ठिबकची विद्राव्य खतं पंपाने दिली तर चालतील का? प्रमाण काय ठेवावं? (कोल्हापूर)

काही चालतात, काही माशांच्या जिवावर उठतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, ही दोन्ही चालतील. १९:१९:१९ आणि १२:६१:० टाकीच्या जवळही आणू नका. पहिल्यात अमोनियम आणि युरिया, दुसऱ्यात अमोनियम असतं. पाण्याचा पीएच ७ च्या वर असला, आणि बोअरच्या पाण्याचा तो बहुधा असतोच, की अमोनियमचा काही भाग विषारी अमोनिया होतो.

पहिली बाटली : १ लिटर आरओच्या पाण्यात ३५ ग्रॅम १३:०:४५ आणि ३ ग्रॅम ०:५२:३४. यातले रोज १० मिली १०० लिटर टाकीत गेले की नायट्रेट लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम आणि फॉस्फेट सुमारे ०.२ मिलिग्रॅम वाढतं. दुसरी बाटली लोहाची : १ लिटरला ४ ग्रॅम १२ टक्क्यांचं चिलेटेड फेरस, म्हणजे चिलेट नावाच्या पदार्थाने धरून पाण्यात विरघळलेलं ठेवलेलं लोह. तेही रोज १० मिली, पण वेगळ्या पंपाने आणि काही तासांच्या अंतराने. दोन्ही एका बाटलीत ओतलं तर लोह आणि फॉस्फेट एकत्र येऊन तळाशी गाळ बसतो आणि नळी तुंबते. लोहाची बाटली काळ्या कागदात गुंडाळा, उजेडाने चिलेट तुटतं. पाणी जड असेल तर ईडीटीएऐवजी डीटीपीए चिलेट मिळतंय का पाहा. ते पीएच साडेसातपर्यंत लोह धरून ठेवतं.

द्रावण लिटरभर बनवा, पण पंपाच्या बाटलीत एका वेळी फक्त २०० मिली भरा. मॉस्फेट जळतो तेव्हा बऱ्याचदा ‘चालू’ अवस्थेतच चिकटतो आणि मग प्रोग्रॅम काहीही म्हणो, पंप बाटली संपेपर्यंत फिरतो. पूर्ण लिटर गेलं तर नायट्रेट एकदम २०० मिलिग्रॅमने चढेल. २०० मिली गेले तर ४० ने, आणि त्यातून टाकी अर्धं पाणी बदलून सावरते. भिंतीवरच्या टायमर सॉकेटवर विसंबू नका. त्याचा सर्वांत छोटा टप्पा बहुधा १५ मिनिटांचा असतो. तेवढ्यात मिनिटाला ४८ मिलीचा पंप ७२० मिली ओततो. भरवशाची मर्यादा बाटलीचीच.

प्रश्न : पंप बंद असताना रात्रीतून बाटली रिकामी झाली. बाटली टाकीच्या झाकणावर ठेवली होती. (पुणे)

नळीला चीर गेली असेल किंवा पंपाचं डोकं घट्ट बसलं नसेल. पण बाटली वर होती म्हणून सगळं खत टाकीत उतरलं. बाटली आणि पंप टाकीच्या स्टँडमध्ये, पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. नळीचं टोक पाण्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर हवेत राहू द्या. टोक बाटलीपेक्षा उंच असल्यामुळे बाटलीतून टाकीत सायफन लागू शकत नाही, आणि ते हवेत असल्यामुळे टाकीतलं पाणीही उलट उतरत नाही. रोलरची पकड सुटली तर नळीतला द्रव बाटलीत परत जातो आणि पुढचा डोस कमी पडतो. चूक व्हायचीच असेल तर ती या बाजूला व्हावी.

नवीन नळी बसवल्यावर खाण्याचा रंग घातलेल्या पाण्याने ती भरा, पातळीवर पेनने खूण करा आणि रात्रभर सोडा. सकाळी रंग खुणेपासून सरकला असेल तर पकड ढिली आहे. नंतर नळीचं टोक टाकीऐवजी एका रिकाम्या बाटलीत सोडून आठवडाभर साध्या पाण्यावर चालवा, आणि त्या आठवड्यात डोस चालू असताना मुद्दाम दोन-तीनदा प्लग काढा. सात दिवसांत ७० मिलीच्या वर एक थेंबही आला नाही तर टोक टाकीवर आणा.

प्रश्न : समुद्री पाण्याच्या टाकीत कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा एकाच वेळी दिला तर चालेल का? (पणजी)

नाही. दोन्ही एकत्र आले की पांढरा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो आणि दोन्ही वाया जातात. दोन पंप, दोन नळ्यांची टोकं जोरात प्रवाह असलेल्या जागी पण एकमेकांपासून लांब, आणि दोन डोसमध्ये निदान अर्धा तास ठेवा. सोड्याचं द्रावण लिटरला ८० ग्रॅम ठेवा. याचे ३८ मिली, म्हणजे ३ ग्रॅम सोडा, १०० लिटरमध्ये क्षारता १ डीकेएचने (डीकेएच हे क्षारता मोजण्याचं एकक) वाढवतात. तेवढे एकदम देऊ नका, दिवसभरात चार-सहा भाग करून द्या. आणि पाकिटावर बेकिंग पावडर नाही, सोडियम बायकार्बोनेट लिहिलंय याची खात्री करा.