आधी आपलं छप्पर ओळख

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेळगावजवळच्या खानापूरच्या घराच्या गच्चीवरून, मोबाईलवर आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या, सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या थराचा) अभ्यास होईल का, असं तू विचारलंस. होईल. पण तू पाठवलेल्या आलेखातली संध्याकाळची ती खाच ‘प्लाझ्मा बबल’ (त्या थरातली विरळ पोकळी) म्हणून प्रोजेक्टमध्ये घालू नकोस, निदान आत्ता तरी. का, ते सांगण्यासाठीच पत्र लांबवतोय.

मूळ गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी एकदा आकड्यांत मांडून घे. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवर. तिथून निघालेल्या संदेशाला वरच्या थरातले सुटे इलेक्ट्रॉन उशीर करतात, आणि कंप्रता कमी तसा हा उशीर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. संदेशाच्या वाटेवर, एक चौरस मीटर तळाच्या स्तंभात, दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन असले की ते झालं एक टीईसी (टोटल इलेक्ट्रॉन कंटेंट) एकक. जीपीएस एकाहून जास्त कंप्रतांवर संदेश पाठवतं. एवढ्या इलेक्ट्रॉनांनी मोजलेल्या अंतरात एल-१ वर (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) १६ सेंटिमीटरचा फरक पडतो, एल-५ वर (११७६.४५ मेगाहर्ट्झ) २९ सेंटिमीटरचा. म्हणजे दोन्हींच्या वजाबाकीत एका एककाला आपल्या हाती १३ सेंटिमीटर लागतात, सगळा अभ्यास त्यावर. भर दुपारी डोक्यावर ८० एकक असतील तर एकट्या एल-१ वर विसंबणाऱ्याचं अंतर १३ मीटरने चुकतं. बेस (ठरल्या जागी ठेवलेला रिसिव्हर) लांब असेल तर दुपारी रोव्हरला (हातात फिरवायच्या रिसिव्हरला) फिक्स, म्हणजे पक्की जागा, लागता लागत नाही, असं आपल्याकडचे सर्वेवाले कुरकुरतात, त्यात याचा वाटा असतो. ते ज्याला वैतागतात तेच तुला हवं आहे.

पावसाची काळजी करू नकोस. खानापूरचा पाऊस किती आणि कसा, ते मला सांगायला नको. पण खालच्या हवेमुळे होणारा उशीर दोन्ही कंप्रतांना सारखाच असतो, वजाबाकीत तो उडून जातो. जून ते सप्टेंबर काम बंद ठेवायचं कारण नाही. लाईट गेली तर फोन बंद पडणार नाही एवढी सोय कर, म्हणजे झालं.

आता ती खाच. उपग्रह पश्चिमेला, क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असताना ती दिसते, आणि तुझ्या गच्चीच्या पश्चिमेला शेजाऱ्यांचं पत्र्याचं शेड आहे. संदेश थेटही येतो आणि पत्र्यावर आपटूनही येतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि आकडा वरखाली हलतो. मल्टिपाथ म्हणतात तो हाच. तो ओळखायची एक फार जुनी आणि फुकटची कसोटी आहे. जीपीएसचा उपग्रह ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी मारतो, त्यामुळे आज जिथे दिसला तिथेच उद्या सुमारे ४ मिनिटं लवकर दिसतो. शेड जागचं हलत नाही. तेव्हा एकाच उपग्रहाचे लागोपाठचे दिवस एकाखाली एक मांड. खाच रोज चार मिनिटं अलीकडे सरकत असेल, पंधरवड्यात तासभर आधी येत असेल, तर ती शेडची आहे. आयनोस्फिअर सूर्याच्या घड्याळावर चालतं, ते असं सरकत नाही. ही कसोटी फक्त जीपीएसवर लाव हं. युरोपच्या गॅलिलिओचे उपग्रह दहा दिवसांनी त्याच जागी येतात, रशियाच्या ग्लोनासचे आठ दिवसांनी.

खरा बबल वेगळा वागतो. सूर्य मावळल्यावर विषुववृत्ताकडे थर झपाट्याने वर उचलला जातो, त्याच्या तळाशी विरळ पोकळ्या तयार होतात आणि त्या वर चढतात. काही संध्याकाळी येतात, काही संध्याकाळी येतच नाहीत. आल्या की पूर्वेकडे सरकतात, सेकंदाला शंभरेक मीटर. म्हणून आधी पश्चिमेकडच्या उपग्रहाला खड्डा पडला पाहिजे, मग पूर्वेकडच्याला. दोन उपग्रहांच्या रेषा ३५० किलोमीटर उंचीवर जिथे थर छेदतात ती ठिकाणं १८० किलोमीटर दूर असतील, तर मध्ये अर्धा तास जायला हवा. एकाच उपग्रहावर दिसला आणि बाकीच्यांवर काहीच नाही, तर मी मानणार नाही.

जागेबद्दल तू कमीपणाने लिहिलंस, ते मला पटलं नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथला प्लाझ्मा (थरातला विद्युतभारित वायू) उचलला जाऊन चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतो आणि साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात साचतो. आपण या वाटेच्या मध्यावर आहोत. बबलच्या दृष्टीने हिशेब असा: विषुववृत्तावर तो साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चढला तर चुंबकीय रेषेवरून त्याचं टोक आपल्या डोक्यावर पोचतं. अहमदाबादला पोचायला त्याला आठशेच्या आसपास चढावं लागतं. म्हणजे तिकडे न पोचणारे ठेंगणे बबलही तुला सापडतील. शिवाय ३० अंशांखालचे उपग्रह वगळलेस (वगळच), तरी ५०० किलोमीटरहून मोठ्या त्रिज्येच्या वर्तुळातला थर तुला दिसतो. मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, तिन्ही आत.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर चुकवू नकोस. आपल्याकडे होकायंत्राची सुई जवळपास नीट उत्तर दाखवते. विषुवदिनाच्या सुमारास मावळतीची रेषाही उत्तर-दक्षिण येते. चुंबकीय रेषेची दोन्ही टोकं एकाच वेळी अंधारात जातात, थर जोरात उचलला जातो आणि बबल अधिक बनतात. सौरचक्र (सूर्याच्या सक्रियतेचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र) कमाल टप्प्यात असल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. आता उतार लागणार, म्हणून ढिलाई नको.

फोनचं एक सांगायचं राहिलं. बॅटरी वाचवायला फोन रिसिव्हर मधूनमधून झोपवतो आणि कॅरिअर फेजची (संदेशाच्या लहरींच्या सलग मोजणीची) साखळी तुटते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स’ (जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह-यंत्रणा) चालू कर आणि मगच कच्ची मोजमापं नोंदणारं जीएनएसएस लॉगर हे ॲप लाव. फोनने काय होणार, म्हणून कुणी हसलं तर त्याला २०२४ चा ‘नेचर’ दाखव: गूगलच्या लोकांनी लाखो अँड्रॉइड फोनांच्या मोजमापांतून आयनोस्फिअरचे नकाशे काढले आहेत. पण त्यांच्याकडे फोन लाखो होते आणि तुझ्याकडे एक. एका फोनची चूक सरासरीत बुडत नाही, म्हणून तुला जास्त काटेकोर राहावं लागेल. टीईसीच्या खऱ्या आकड्यावर तूर्त हक्क सांगू नकोस. उपग्रहाचे आणि फोनचे स्वतःचे बायस (अंगभूत कायमच्या चुका) त्यात मिसळलेले असतात. बदल किती वेगाने होतो, तेवढंच पाहा.

ताळा करायला बेंगळुरूच्या आयआयएससी या जीपीएस नोंदी ठेवणाऱ्या स्टेशनच्या फाइल्स मोफत मिळतात. कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं आहेत. तिथल्या ऑल-स्काय कॅमेऱ्याने अंधाऱ्या रात्री ६३० नॅनोमीटरच्या लाल उजेडात बबलांचे काळे पट्टे टिपले आहेत. कोल्हापूर आपल्यापासून महामार्गाने फार दूर नाही, आणि जवळपास त्याच रेखांशावर आहे. तुझ्याकडे दोन-तीन पक्क्या संध्याकाळी जमल्या की आपण त्यांना तारखांसह पत्र लिहू. आधी नको.

फोन शेडपासून दूर, टाकीच्या वरच्या कठड्यावर ठेव, खाली जाडसर पत्रा घाल म्हणजे खालून येणारे परावर्तन अडेल. पहिल्या आठवड्याच्या कच्च्या फाइल्स जशाच्या तशा पाठव, गुळगुळीत करून नकोत. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर