समुद्र एवढा मोठा, मग एका सामुद्रधुनीवाचून व्यापार का अडतो?

तुमचा प्रश्न असा की कुठल्या तरी कोपऱ्यातल्या लढाईने जगाचा व्यापार का अडावा, जहाजांनी वळसा घालून जावं की! मी मालवाहतुकीच्या कागदपत्रांच्या कामात आहे, म्हणून त्याच बाजूने सांगतो.

जहाजं वळसा घालतातच. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज ताब्यात घेतलं आणि महिन्याभरात बड्या कंटेनर कंपन्या लाल समुद्र सोडून आफ्रिकेच्या टोकाकडून, केप ऑफ गुड होपवरून जायला लागल्या. गंमत म्हणजे सुएझ कालवा एक दिवसही बंद नव्हता. लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या बाब-अल-मांदेब सामुद्रधुनीतही कुणी साखळी बांधली नव्हती. क्षेपणास्त्रं मोजक्याच जहाजांना लागली. बाकीच्यांना विम्याच्या हप्त्याने परतवलं.

युद्धजोखमीचा विमा नेहमीच्या विम्याहून वेगळा असतो. धोक्याच्या पट्ट्यात शिरायचं तर जहाजाच्या किमतीवर टक्केवारीने जादा हप्ता भरायचा, तोही साधारण सात दिवसांपुरता. एरवी हा दर किरकोळ असतो, लाल समुद्रात तो एक टक्क्याच्या आसपास पोचला. म्हणजे दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका खेपेचे दहा लाख डॉलर, आणि कालव्याचा टोल वेगळा. मालकाला मग लांबचा रस्ताच परवडतो. खलाशांचंही ऐकावं लागतं, आणि त्यांनी तरी का जीव धोक्यात घालावा? मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर तिघे मारले गेले. ‘गॅलेक्सी लीडर’चे २५ जण जानेवारी २०२५ पर्यंत ओलीस होते. जहाजाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या एआयएस यंत्रणेत पुढचं बंदर लिहायला एक रकाना असतो. त्या दिवसांत काही जहाजं तिथे बंदराऐवजी ‘सगळे खलाशी चिनी’ किंवा ‘इस्रायलशी संबंध नाही’ असं लिहून जात होती.

आता वळशाचा खर्च. जास्तीचं इंधन सगळ्यांनाच दिसतं, पण खरी मेख वेळापत्रकात आहे. आशिया-युरोप अशी जाऊन-येऊन फेरी बारा आठवड्यांची धरली, तर दर आठवड्याला एक जहाज सोडायला बारा जहाजं लागतात. फेरी चौदा आठवड्यांची झाली की तेवढ्याच मालासाठी चौदा. ही जादा जहाजं दुसऱ्या मार्गांवरून काढावी लागतात, रिकामे कंटेनर वेळेवर परत येत नाहीत, आणि ज्याचा लाल समुद्राशी काडीचाही संबंध नाही अशा मालाचंही भाडं चढतं. शिवाय माल दोन आठवडे जास्त पाण्यावर राहिला की तेवढे दिवस व्यापाऱ्याचा पैसा अडकतो आणि व्याज चालू राहतं. मोठी कंपनी हे पचवते, छोटा आयातदार यातच मोडतो.

काळ्या समुद्राची गोष्ट वेगळी. तिथे २०२२ मध्ये युक्रेनची बंदरंच अडली आणि गव्हापासून सूर्यफूल तेलापर्यंत सगळं कडाडलं, कारण मालच बाहेर पडत नव्हता.

वळशाचा पर्याय अजिबात नाही तो पर्शियन आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीला. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा एरवी तिथून जातो, आणि पर्शियन आखाताला दुसरं दार नाही. सौदीने तेलासाठी पूर्व-पश्चिम पाइपलाइन टाकली आहे, पण ती संपते यांबूला, म्हणजे लाल समुद्रावर! तिथून आशियाकडे यायचं तर पुन्हा बाब-अल-मांदेब. कतारच्या द्रवरूप वायूला तर तेवढीही सोय नाही.

आणखी एक, जे बातम्यांत क्वचित येतं. हल्ले थांबले म्हणून जहाजं लगेच जुन्या रस्त्यावर येत नाहीत. विम्याचे दर हळूहळू उतरतात आणि कंपन्या पुष्कळ दिवस वाट बघतात. सगळ्या एकदम परतल्या तर आणखी पंचाईत, कारण केपवरून आधी निघालेली आणि सुएझमधून मागाहून निघालेली जहाजं युरोपच्या बंदरांवर एकाच आठवड्यात येऊन थडकतील. तेवढ्या धक्क्यांवर तेवढ्या क्रेन नाहीत.