पानशेतच्या जलाशयात चालवायच्या लहान बोटीवर लाइफ जॅकेट कुठे आणि कशी ठेवावीत?

बोट पाण्यात असताना लाइफ जॅकेटची खरी जागा प्रत्येकाच्या अंगावरच आहे, कारण बोट उलटल्यावर आसनाखालच्या कप्प्यातले जॅकेट हाती लागेलच असे नाही आणि पाण्यात पडल्यानंतर ते चढवणे फार अवघड असते. जास्तीची जॅकेट कुलूप नसलेल्या, हवा खेळत्या कप्प्यात सर्वांत वर ठेवावीत. त्यांवर नांगर किंवा पेट्रोलचा कॅन कधीही ठेवू नये, कारण सततच्या दाबाने आतला फोम चेपतो आणि तरंगवण्याची क्षमता घटते. परतल्यावर ती सावलीतच वाळवावीत (कडक उन्हाने कापड आणि शिवण दोन्ही कमकुवत होतात). पुण्याच्या पावसाळ्यात मात्र ती बोटीवर न ठेवता घरी आणून, पिशवीत न कोंबता, हँगरला टांगावीत, म्हणजे बुरशी धरणार नाही.